144 चं 144 ला बसत नाही

सांवेरजवळ माझ्या मामांची शेती आहे आणि शेतीवर जुना चार सिलिंडरचा बी-275 ट्रॅक्टर. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली आणि इंजिन ऑइल खायला लागलं, म्हणून हेड उघडलं. त्याच संध्याकाळी मामांच्या फोनवर तो मेसेज आला. इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मी आधी दोनदा वाचला होता आणि सोडून दिला होता. गप्प बसायला नको होतं.

मेसेज असा: जुन्या ट्रॅक्टरांची इंजिनं सगळी एकाच जातीची. नंबर जुळला की पार्ट जुळला, 144 चं 144 ला, 275 चं 275 ला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सारखा तर पिस्टन सारखं. नोझल (डिझेल फवारणारं तोंड) कुठलंही चालतं. कंपनीचा डबा म्हणजे लूट.

मामांच्या इंजिनाचं नाव बीडी-144. त्यांनी पर्किन्स या दुसऱ्याच कंपनीच्या 3.144 इंजिनाचा पिस्टन-लायनर सेट आणला, म्हणजे पिस्टन आणि ती ज्यात सरकतात त्या नळ्या. तो सेट तीनचा, म्हणून चौथं पिस्टन सुटं घेतलं! चौथं सुटं घ्यावं लागतंय, इथेच हात थांबायला हवा होता. पण मेसेजमध्ये इतक्या खात्रीने लिहिलेलं होतं, की मामांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यावर भरवसा ठेवला.

144 हा पार्टचा नंबर नाही. सगळ्या सिलिंडरांची मिळून जी जागा होते, तिचं ते क्युबिक इंचातलं माप आहे. बी-275 चं मॅन्युअल मामांच्या कपाटातच होतं, कडा कुरतडलेलं, पण मापांचं पान शाबूत. बोअर 3⅜ इंच, म्हणजे 85.7 मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितकं सरकतं ते अंतर, 4 इंच, म्हणजे 101.6 मिमी. सिलिंडर चार. गुणाकार केला की 143 आणि वर थोडं येतं. पर्किन्स 3.144 मध्ये सिलिंडर तीन, बोअर 88.9 मिमी आणि स्ट्रोक 127 मिमी. गुणाकार तिथेही 144 च्या घरात. दोन वेगळ्या मापांच्या टाक्यांत सारखंच पाणी मावलं, म्हणून एकीचं झाकण दुसरीला बसत नाही. 88.9 चं पिस्टन 85.7 च्या लायनरमध्ये उतरणारच नाही, तीन मिलिमीटरहून जास्त फरक आहे. खरादवाल्याकडे ब्लॉक नेऊन मोठं लायनर बसवणं हे वेगळंच काम, ते कोणी मेसेज वाचून करू नये.

275 चं तर आणखी सोपं आहे. जुन्या बी-275 ला चार सिलिंडर, आजच्या महिंद्रा 275 डीआयला (डीआय म्हणजे डिझेल सरळ पिस्टनवर फवारणारं इंजिन) तीन. बॉनेट उघडा आणि मोजा.

'बोअर सारखा तर पिस्टन सारखं' हे ऐकायला पटतं, म्हणून जास्त फसवतं. पर्किन्स 3.144 आणि बीडी-144 चं मोठं भावंड बीडी-154, दोन्हींचा बोअर 88.9 मिमी. पण एकाचा स्ट्रोक दुसऱ्यापेक्षा पूर्ण एक इंच जास्त. क्रँक वेगळा, कनेक्टिंग रॉड वेगळा. गजन पिनपासून (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) पिस्टनच्या डोक्यापर्यंतची उंची ज्या त्या इंजिनाच्या हिशोबाने ठरते. एकाच घरातही हे घडतं: पर्किन्स 4.203 आणि डी4.203 यांचा बोअर-स्ट्रोक एकच, पण पहिल्यात डिझेल हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं, दुसऱ्यात सरळ पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत. मग पिस्टन एक कसं असेल?

नोझलचा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण चुकीचं पिस्टन निदान बसत तरी नाही. बी-275 च्या इंजिनातही हेडमध्ये तसाच छोटा कप्पा आहे. त्याचं नोझल एका भोकाचं, कमी दाबावर उघडणारं. डीआयचं नोझल अनेक बारीक भोकांचं, जास्त दाबाचं. अदलाबदल केली की डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो. न जळलेलं डिझेल लायनरवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन चालू राहतं, म्हणून माणूसही चालवत राहतो, आणि एका हंगामात नवं काम पुन्हा उघडावं लागतं.

लुटीबद्दल एवढं मान्य करतो, की ब्रँडच्या डब्यातला आणि साध्या डब्यातला माल कधी कधी एकाच कारखान्याचा असतो. बेअरिंग आणि ऑइल सील तर माप पाहून बाजारातून घ्यावेत, मीही घेतो. आणि काही इंजिनं खरोखरच भावंडं म्हणून घडवलेली असतात. झेटर या चेक ट्रॅक्टर कंपनीची 2011, 3011, 4011 ही दोन, तीन आणि चार सिलिंडरची मालिका मुद्दाम एकमेकांचे भाग चालावेत म्हणून आखलेली होती. पिंजोरला एचएमटीने 1971 पासून बनवलेले ट्रॅक्टर त्याच झेटरच्या वंशातले. पर्किन्स 3.152 आणि 4.203 यांचाही बोअर-स्ट्रोक एक, फक्त सिलिंडर एक जास्त. पण तिथेही मॅन्युअल आणि जुना पार्ट समोर ठेवूनच मिस्त्री हात घालतो.

मामांचा सेट अजून डब्यातच आहे, रिंगा बाहेर काढलेल्या नाहीत, त्यामुळे दुकानदार बदलून देईल असं वाटतं. उद्या सकाळी जुनं पिस्टन, माप घ्यायचा व्हर्नियर आणि मापांच्या पानाचा फोटो घेऊन मी स्वतः इंदूरच्या सियागंज बाजारात जातोय.