दुखत नाही तेव्हाच दात दाखवा

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे दाढ काढायलाच. आधी लवंग, मग मिठाच्या गुळण्या, आणि गाल सुजला की कुडाळची एसटी. तोवर सिमेंट भरून वाचली असती अशी दाढसुद्धा हातची गेलेली असते. म्हणून काही दुखत नसताना तोंड दाखवून या, असं मी भेटेल त्याला सांगते.

तिथे आधी विचारपूस होते. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काही लपवू नका. शुगर वाढलेली असली की हिरड्याही लवकर बिघडतात. मग छोट्या आरशाने एकेक दात बघतात. खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे हलकेच घालून डॉक्टर आकडे सांगत जातात: दोन, तीन, दोन, पाच. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच म्हणजे बहुतेक हिरडी दाताला सोडायला लागली. दोन दातांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी लागला तर एक्स-रे. किटण असेल तर मशीनने काढतात, जरा झिणझिणतं. साफ केल्यावर दात हलतात म्हणतात, ते खरं नाही. किटणाने बुजलेली फट मोकळी झाली की जिभेला तसं जाणवतं.

पण सगळ्यात मोलाचं मला वाटतं ते यानंतरचं. जीभ बाहेर काढायला लावतात, जिभेखाली बघतात, गाल ओढून आतून तपासतात. आपल्याकडे किती बायका रोज मिश्री लावतात! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की. त्याने उठलेला पांढरा किंवा लाल चट्टा बरेचदा दुखत नाही, तिथेच घात होतो. सुपारी आणि गुटख्याने गाल आतून ताठ होतात. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, तरी ही तोंडं आजही दिसतात. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर थांबू नका.

शेजारच्या काकी म्हणत होत्या, "दुखना नाय तर जावचा कित्याक?" मी हट्टाने नेलं. ओठाच्या आत, मिश्री घासतात तिथेच, पांढुरका चट्टा निघाला. मिश्री बंद करून दोन आठवड्यांनी परत बोलावलंय, तेव्हाही मीच सोबत जाणार आहे.

तपासणीचे पैसे आधी विचारून घ्या, रूट कॅनालच्या मानाने ते फारच कमी असतात. पुन्हा कधी यायचं तेही विचारा; तंबाखू किंवा शुगर असेल तर लवकर बोलावतात. आणि चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, दवाखाना उघडा असेल असा एक दिवस आई-वडिलांसाठी ठेवा. निघताना त्यांच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.