"बाप म्हणून चांगला आहे हो!"

"बाबा मला कधीच मारत नाहीत. आईला मारून झालं की मला आइस्क्रीम आणून देतात."

माझा भाचा हे समुपदेशक मॅडमसमोर बोलला तेव्हा सहा वर्षांचा होता. अहवालात त्याचं एकच वाक्य उतरलं: 'मुलाच्या म्हणण्यानुसार वडील त्याला मारहाण करत नाहीत.' तो आणखी काय बोलला होता, हे आम्हाला रिक्षात कळलं. तोंडी परीक्षेत काय विचारलं ते सांगावं, तसं त्यानेच सांगितलं. ताई रस्त्याकडे बघत बसली. मी त्याला विचारलं, "कुठलं आइस्क्रीम?" दुसरं काही सुचलंच नाही.

ताईला विचारून लिहितेय. गाव, कोर्ट, नावं विचारू नका. तिच्या केसची फाईल चार वर्षं मी सांभाळली. प्रत्येक तारखेला कुणीतरी सोबत लागतं आणि माझी नोकरी अर्ध्या दिवसाची रजा मिळणारी होती, एवढंच कारण. मी वकील नाही. पण चार वर्षं त्या बाकड्यांवर बसल्यावर माणूस निम्मा वकील होतोच.

या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "नवरा म्हणून चुकला असेल, पण बाप म्हणून चांगला आहे हो." आमचे आबा हे म्हणाले, मध्यस्थीला आलेले चुलते म्हणाले, पोलीस ठाण्यातले हवालदार म्हणाले. मॅडमच्या अहवालाचा सूरही तोच. जणू घरात दोन माणसं राहत होती. एक रात्री हात उचलायचा आणि दुसरा सकाळी पोराला शाळेत सोडायचा. पोराला मात्र एकच माणूस दिसत होता. तो दाराआड उभा राहून सगळं ऐकायचा.

आता कायद्यात काय आहे बघा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की संरक्षणाच्या अर्जाची सुनावणी चालू असताना कुठल्याही टप्प्यावर मॅजिस्ट्रेट मुलांचा तात्पुरता ताबा अर्ज करणाऱ्या बाईकडे देऊ शकतात. पुढे एक परंतुक आहे: समोरच्याची भेट मुलाच्या हिताला बाधक आहे असं मॅजिस्ट्रेटना वाटलं, तर त्यांनी ती नाकारलीच पाहिजे. 'नाकारू शकतात' नव्हे, 'नाकारतील'. कायद्याच्या भाषेत या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण तसं वाटायला आधी कुणीतरी त्यांच्यासमोर ते मांडावं लागतं, आणि आमच्याकडे मांडायला होता तो अहवाल. पूर्णविरामासकट.

याच कायद्यात असंही म्हटलंय की अर्ज पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. आमचा नुसता अंतरिम आदेश यायला अकरा महिने लागले. त्याआधी दाजींनी (तोंडात अजून दाजीच येतं, काय करणार) नांदायला येण्यासाठीचा दावा टाकला होता. म्हणजे एका कोर्टात ताई सांगतेय की मला मारहाण होते, आणि दुसऱ्या कोर्टात तिला विचारलं जातंय की नांदायला का जात नाहीस. दोन्ही तारखा एकाच आठवड्यात. सरकारी नोकरीत नसलेली बाई हे कसं निभावते ते मला माहीत नाही. ताईची शिकवणीची मुलं त्यातच गेली.

पुरावा म्हणजे काय, ते मला उलटतपासणीत कळलं. ताई तीन वेळा दवाखान्यात गेली होती. तीनपैकी दोन केसपेपरवर लिहिलेलं होतं 'बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.' तिनेच तसं सांगितलं होतं; सासूबाई शेजारी उभ्या होत्या. समोरच्या वकिलांनी ते दोन्ही कागद संथपणे, प्रत्येक शब्द सुटा करत वाचून दाखवले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. बाकीच्या सगळ्या कुठे ना कुठे बाथरूममध्ये घसरत असणार.

मग तो प्रश्न आला. "मारहाण होत होती म्हणता, तर दुसरं अपत्य कसं झालं?" कोर्टात कुणी हसलं नाही, पण कुणाला धक्काही बसला नाही. नंतर आमच्या वकीलबाईंनी समजावलं की या प्रश्नामागे नुसता खवचटपणा नाही, कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा दास्ताने विरुद्ध दास्ताने हा निकाल आहे. आपल्याच मराठी घरातला, आणि तिथे तक्रार नवऱ्याची होती. क्रूरता झाली हे न्यायालयाने मान्य केलं, पण त्यानंतरही संसार चालू राहिला, मूल झालं, म्हणजे ती माफ केली, असं ठरवलं. झाकली मूठ ठेवून नांदणाऱ्या प्रत्येक बाईला हे भोवतं. पण त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत. माफी ही पुन्हा तसं न वागण्याच्या अटीवर असते. पुन्हा हात उचलला की जुनं सगळं जिवंत होतं. आणि घटस्फोटाच्या दाव्यात खुनाच्या खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे ते बघायचं असतं. आमच्या बाईंनी नेमकी ती पानं काढून दिली. ताईचा तिसरा केसपेपर, शेजारच्या काकूंची साक्ष आणि पोलिसांतली एक एनसी (अदखलपात्र तक्रार), एवढ्यावर न्यायाधीशांनी अंतरिम आदेशात मारहाण झाल्याचं 'सकृद्दर्शनी' मान्य केलं.

आणि त्याच आदेशात, पुढच्याच परिच्छेदात, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी वडिलांना भेट दिली. मारहाण एका परिच्छेदात, बाप दुसऱ्या परिच्छेदात. मधे एक ओळ कोरी.

कोर्टातली ती मुलांची खोली कुणी पाहिलीय का? भिंतीवर रंग उडालेला छोटा भीम, प्लास्टिकची घसरगुंडी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोबाईल बघणारे आईबाप. दाजी रिमोटची गाडी घेऊन यायचे. आणि विचारायचे, "आई रात्री फोनवर कुणाशी बोलते? मावशी पैसे देते का?" घर सुटलं म्हणून हिंसा सुटत नाही, ती शनिवारी अकरा वाजता गाडीच्या खोक्यातून येते. भाचा शुक्रवारी संध्याकाळपासून शर्टाची कॉलर चावायला लागायचा. शाळेच्या बाईंनी डायरीत लिहून पाठवलं होतं: 'नवीन शर्ट घ्यावा.'

आता मला माहीत आहे खाली कोण काय लिहिणार. खोट्या केसेस होतात. होतात. त्याच व्हरांड्यात एक गृहस्थ मी पाहिलेत, कंपनीचा बिल्ला गळ्यात घालून मुलीची वाट बघत बसायचे. आई मुलीला आणायचीच नाही. त्यांच्यावर मारहाणीचा साधा आरोपही नव्हता. त्यांच्याकडे बघून मला ताईच्या बाजूने असल्याची लाज वाटायची, खरंच सांगते. पण म्हणून तर हिंसेची नीट चौकशी व्हायला हवी ना? 'नवरा-बायकोचं आपसातलं' म्हणून ती बाजूला ठेवली, की ते गृहस्थ आणि आमचे दाजी एकाच रांगेत बसतात. दोघांनाही दुसरा आणि चौथा शनिवार.

आणि हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. २००८ साली निलरतन कुंडू विरुद्ध अभिजित कुंडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय. आई गेलेली, तिच्या मृत्यूबद्दल नवऱ्यावर ४९८-अ, म्हणजे बायकोच्या छळाचा गुन्हा, मूल आजी-आजोबांकडे. खालच्या कोर्टाने आणि उच्च न्यायालयाने ताबा बापाला दिला, कारण बाप हा नैसर्गिक पालक. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं आणि म्हटलं की ताबा ठरवताना हा गुन्हा विचारात घ्यायलाच हवा होता. मुलाला काय हवंय तेही. मुलाचं कल्याण सर्वात वर, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात १९५६ पासून आहे. ते मुलाच्या आईला मारणाऱ्यापासून वेगळं काढून कसं मोजतात, ते मला अजून कुणी समजावलेलं नाही.

ज्या बायका हे वाचून इनबॉक्समध्ये येतील त्यांच्यासाठी थोडं इथेच. दवाखान्यात डॉक्टरांना खरं सांगा आणि केसपेपरवर काय लिहिलं ते वाचून बाहेर पडा. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरताना मुलं त्या वेळी कुठे होती, त्यांनी काय पाहिलं, तेही लिहायला सांगा. आम्ही नव्हतं लिहिलं. दोन कोर्टांत धावायचं नसेल तर कलम २६ खाली याच कायद्यातली मागणी कौटुंबिक न्यायालयातही करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १८१.

ताईचं काय झालं? जे बहुतेकींचं होतं. चौथ्या वर्षी, दुपारच्या सुट्टीत, चहाच्या टपरीजवळ दोन्ही वकील बोलले. मुलं तुमच्याकडे, शनिवार बंद, सुट्टीत वाटलं तर फोन. बदल्यात पोटगी सोडायची, हिंसाचाराचा अर्ज मागे घ्यायचा, आणि ४९८-अ चा गुन्हा परस्पर मिटवता येत नाही म्हणून उच्च न्यायालयात जाऊन रद्द करायला संमती द्यायची. पोरं हवी असतील तर मार विसरायचा, असा तो सौदा. मी म्हटलं, नको सही करू, दास्तानेची पानं आहेत, केस आपल्या बाजूने झुकतेय. ताई म्हणाली, "तुला केस जिंकायचीय. मला शुक्रवार संपवायचाय."

सहमतीच्या घटस्फोटात न्यायाधीश शेवटी एक प्रश्न विचारतात, विचारावाच लागतो. "ही संमती तुम्ही स्वखुशीने देताय ना? कोणाची जबरदस्ती, दबाव?"

"नाही," ताई म्हणाली. स्पष्ट, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.