सुट्टीवर आलं की तेच

सोलापुरात पाय ठेवला की पहिला प्रश्न: "काय बे, तिकडं नुसता आराम ना?" आराम! २०२० साली जम्मूकडं, पाकिस्तानला लागून असलेल्या पूंछच्या चौकीत चहा कपात ओतला की हमखास गोळा पडायचा. १२० मिलिमीटरच्या मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा. पलीकडच्या डोंगरामागून उडतो आणि डोक्यावर उभाच्या उभा उतरतो. पळा बंकरात. बाहेर यावं तर चहा गार, वाळत घातलेल्या बनियनवर माती. संडासला जायचं तरी आधी कानोसा. आईची शेंगाचटणी तेवढी शाबूत, कारण बरणी बंकरातच ठेवायचो.

आणि इथं? प्रत्येक वरातीत कानाशी सुतळी बॉम्ब. मी झटकन खाली बसलो की सगळे फिदीफिदी हसणार. फौजी असून घाबरतोय म्हणे! पेटवा की, तुमच्या अंगणात जाऊन पेटवा.