'पुटीने होतंच की' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

एक्स३२७० म्हणजे मेनफ्रेमचा (बँका, विमा कंपन्या वापरतात त्या मोठ्या आयबीएम कॉम्प्युटरचा) ३२७० स्क्रीन आपल्या मशीनवर दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या सेटअपवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकाची कमेंट आलीय. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी तीच देतो (पुटी म्हणजे टेलनेट किंवा एसएसएचने दुसऱ्या मशीनला जोडून देणारा साधा टर्मिनल प्रोग्राम): "पुटी उघडा, होस्टनेम टाका, टेलनेट करा, संपलं. मी रोज पुटीनेच मेनफ्रेमला जातो. उगाच शब्द वाढवून नवशिक्यांना घाबरवू नका. स्क्रीनशॉट दिसत नाहीत, सिक्युरिटीवर दोनच ओळी, आणि मुळात हे तंत्रज्ञान मेलेलं आहे."

साहेब, स्क्रीनशॉट मोबाइलवर खरंच बारीक दिसतात, मान्य, मोठे करून टाकतो. पण "उगाच शब्द वाढवून" आणि "घाबरवू नका" ही कुठली भाषा? मतभेद असेल तर चूक दाखवा ना, हेतूवर कशाला जाता? मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही, जे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं ते लिहितोय.

आता तुमचं ते पुटीचं वाक्य. तुम्ही रोज पुटीने जात असाल, मी खोटं म्हणत नाही, पण जाता कुठे ते बघा. झेड/ओएसमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, युनिक्सची एक बाजू असते, तिथे एसएसएच चालू असलं की पुटी मस्त चालते, कमांड टाइप करायला शेल मिळतो, फायलींची यादी बघायला एलएस मारता येतं. ते म्हणजे आयएसपीएफ (मेनफ्रेमवर काम करायचे मेनू आणि एडिटर) नाही आणि सीआयसीएसचा (व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीन तर नाहीच. माझा लेख त्या स्क्रीनबद्दल होता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, वाचलं असतंत तर दिसलं असतं.

३२७० हे टर्मिनल आयबीएमने १९७१ मध्ये आणलं आणि त्याची रीतच वेगळी आहे. पुटी व्हीटी१०० या दुसऱ्या जुन्या टर्मिनलच्या घराण्यातली, तुम्ही एक अक्षर दाबलं की ते लगेच पलीकडे जातं. ३२७० मध्ये होस्ट (म्हणजे पलीकडचा मेनफ्रेम) अख्खा स्क्रीन पाठवतो, कुठल्या फील्डमध्ये लिहायचं, कुठल्यात नाही हे सगळं त्यात ठरलेलं असतं, तुम्ही टाइप करत राहता आणि एंटर किंवा पीएफ की (एफ१, एफ२ सारख्या फंक्शन की) दाबेपर्यंत होस्टला त्यातलं काहीच कळत नाही. मग बदललेली फील्डं एकदम जातात, सोबत कुठली की दाबली त्याचा एक बाइट, पीएफ३ असेल तर हेक्स एफ३, एंटर असेल तर ७डी. पुटी एफ३ दाबल्यावर एस्केप सिक्वेन्स पाठवते, ती घेऊन सीआयसीएसने करायचं काय? त्यात अक्षरं एबसिडिक या आयबीएमच्या वेगळ्या अक्षर-कोडमध्ये, म्हणजे कॅपिटल ए तिकडे हेक्स सी१ आणि आपल्याकडे (आस्कीमध्ये) ४१. आणि टेलनेट टेलनेट म्हणता ते टीएन३२७० मध्ये, म्हणजे टेलनेटवरून ३२७० चालवायच्या पद्धतीत, नुसतं टेलनेट नसतंच, जोडणी होताना टर्मिनल टाइप, बायनरी आणि एंड ऑफ रेकॉर्ड या तिन्हींवर दोन्ही बाजूंचं एकमत व्हावं लागतं, १९९४ च्या आरएफसी १५७६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे. पुटी आपला टाइप एक्सटर्म सांगते. मग सर्व्हर एकतर लाइन मोडवर येतो नाहीतर कनेक्शन तोडून टाकतो.

मी पुण्यात बरीच वर्षं नाइट शिफ्टला प्रॉडक्शन सपोर्ट केलाय, अमेरिकेतल्या क्लायंटचे जॉब अबेंड झाले (मध्येच बंद पडले) की याच हिरव्या स्क्रीनवर बसायचो. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीला एका सीनियरने नेमकं तुमच्यासारखंच सांगितलं, पुटीने कर ना, सोपं आहे. कनेक्शन लागायचं आणि तुटायचं, तिला वाटलं फायरवॉल अडवतेय, रात्रभर नेटवर्कवाल्यांना मेल करत बसली बिचारी, पोर्ट तर उघडंच होतं. सकाळी ऐकून कोणाला घ्यावं लागलं? तिलाच. म्हणून मला राग येतो, तुमच्या एका बेफिकीर ओळीवर विश्वास ठेवून उद्या आणखी कोणीतरी असंच बसेल.

पटत नसेल तर हर्क्युलिस, म्हणजे साध्या कॉम्प्युटरवर मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट मिळतं, त्यावर एमव्हीएस ३.८जे ही जुनी मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम चढवा, एकदा एक्स३२७० ने जोडा, एकदा पुटीने, आणि काय दिसतं ते इथेच लिहा.

सिक्युरिटीवर दोन ओळी होत्या कारण लेखाचा विषय तो नव्हता. टीएलएससाठी (कनेक्शन एन्क्रिप्ट करायला) एक्स३२७० मध्ये होस्टच्या नावाआधी एल आणि कोलन लावायचं हे त्या दोन ओळींत आहेच, पोर्ट आणि एलयूचं (होस्टवर आपल्या टर्मिनलला दिलेलं) नाव प्रत्येक साइटवर वेगळं असतं, ते आपापल्या सिस्टिमवाल्यांना विचारा. 'मेलेलं तंत्रज्ञान' यावर मी वाद घालणार नाही, त्यावर घर चालवणारी माणसं हा ब्लॉग वाचतात, ती सांगतील तुम्हाला.

पुढची कमेंट जरूर करा, फक्त आधी लेख पूर्ण वाचा. आणि ज्यांनी चौकोनी कंस चुकीचे उमटतात म्हणून विचारलं होतं त्यांच्यासाठी: कोड पेज (एबसिडिकमध्ये कुठल्या अक्षराला कुठला कोड याचा तक्ता) ०३७ आणि १०४७ यांच्यात कंसांच्या जागा वेगळ्या आहेत, होस्टवर कुठलं आहे ते विचारून एक्स३२७० मध्ये तेच लावा.