चोवीस महिन्यांचा पाव्हणा

सांगलीत कुठल्याही दुकानात शिरून जरा वेळ उभं राहिलं की चहा मिळतो. काही घ्यायला आलेल्याला मिळतो, तसा विकायला आलेल्यालाही मिळतो. माझ्या धंद्यातली ही एकच हमखास मिळकत. तिच्यावर कमिशन नाही, टार्गेट नाही आणि पित्त मात्र भरपूर.

मी डिजिटल मार्केटिंग विकतो. म्हणजे दुकान गूगलवर वर आणायचं, इन्स्टा-फेसबुकवर पोस्टी टाकायच्या, जाहिराती चालवायच्या, आणि महिनाअखेरीला रंगीत रिपोर्ट घेऊन जाऊन हे सगळं खरंच झालं असं मालकाला पटवायचं. शेवटचं काम सर्वांत अवघड. कंपनी पुण्याची, सांगली, मिरज, तासगाव हा माझा मुलूख. पॅकेजं तीन, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. ही नावं ज्यानं ठेवली तो सराफ कट्ट्यावर कधी गेलेला नसणार. मी गेलो. "सर, तुमच्यासाठी गोल्डच योग्य," असं म्हणालो. सराफांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "किती कॅरेट?"

पण पॅकेजवर कुणी फार अडत नाही. गाडी अडते मुदतीवर. आमचा करार 24 महिन्यांचा असतो. महिन्याला हप्ता, वर 18 टक्के जीएसटी, आणि मध्येच सोडलं तर काय काय भरावं लागेल ते मागच्या पानावर, मुंगीला वाचता येईल अशा अक्षरात. एवढी लांब मुदत का, याला कारण आहे. वेबसाइटवर केलेल्या कामाचा गुण यायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलंय. आमचं गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्याच्या पाच तारखेला म्हणतं, "फोन काय वाजला न्हाई बघा." त्याला वर्षभर थोपवून धरायचं तर कागद लागतो. दुसरं कारण माझं कमिशन. ते प्रेझेंटेशनमध्ये येत नाही.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यांना मी हे सगळं लॅपटॉप उघडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. समोरच्या पोत्यातलं एक हळकुंड उचललं, कटकन मोडलं, आतला रंग बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"दोन वर्षांचा वायदा?"

"करार, सर."

"तेच की. एवढा लांबचा वायदा हळदीतसुद्धा नसतोय."

मी म्हटलं, हळदीचं वेगळं, ब्रँडचं वेगळं. ब्रँड हळूहळू मुरतो. 'मुरतो' म्हटल्यावर ते खुलले आणि मला हरिपूरच्या पेवांची माहिती देऊ लागले. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड लिंपलेलं, आत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि बाहेर काढल्यावर रंग चढलेलाच असायचा. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, हे सांगताना ते जरा थांबले. मग म्हणाले, "तुमची ती स्टोरी का काय, ती किती दिवस राहतीय?"

"चोवीस तास."

"आन करार चोवीस महिन्यांचा."

यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये उत्तर नाही. किंमत जास्त वाटते, वेळ नाही, पार्टनरला विचारतो, अशा प्रत्येक नकारावर आम्हाला उत्तरं पाठ करायला लावली आहेत. पेवावर नाही. त्या दिवशी मी दोन किलो हळद घेऊन घरी आलो. बायकोनं विचारलं, विकायला गेला होता की आणायला? प्रश्न रास्त होता, कारण त्याच आठवड्यात भडंग, दोन बेडशीट आणि एक आयुर्विमा पॉलिसी घरात आली होती. पॉलिसी वीस वर्षांची आहे. ज्यांनी ती मला विकली त्यांना माझी दोन वर्षं लांब वाटली होती.

भडंगवाल्या काकांकडं वेगळीच पंचाईत. मी त्यांना 'निअर मी' शिकवत होतो. लोक मोबाइलवर 'भडंग निअर मी' असं शोधतात, तेव्हा तुमचं दुकान पहिलं दिसायला पाहिजे, वगैरे.

"निअर मी म्हंजे?"

"माझ्या जवळ."

"जवळ असंल तर वास येतोय की. शोधायचं कशाला?"

तरी त्यांचं दुकान नकाशावर आहे का ते मी बघितलं. होतं. फोटो सात वर्षांपूर्वीचा, वेळ चुकीची, आणि फोन नंबर काकांच्या भाच्याचा. प्रत्येक दुकानामागं हा भाचा असतो. आमच्या कंपनीला पुण्या-मुंबईच्या एजन्सींशी स्पर्धा आहे असं वाटतं. प्रत्यक्षात स्पर्धा आहे ती भाच्याशी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यानं सुट्टीत येऊन हे सगळं 'फुकटात' करून दिलेलं असतं, पासवर्ड स्वतःकडं ठेवलेला असतो आणि आता तो जर्मनीत असतो. गूगलनं पूर्वी पत्ता पडताळायला पोस्टानं कोड पाठवायची पद्धत ठेवली होती, ते कार्डसुद्धा काकांनी जपून ठेवलं होतं. देवाच्या फोटोमागं, लाइट बिलाच्या शेजारी. "परदेशातनं आलंय, म्हटलं असूद्या."

भाच्याला फोन लावला. तो तिथून म्हणाला, "मामा, हे लोक पहिल्या नंबरची गॅरंटी देतात का विचारा. कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलनंच लिहिलंय." हे खरं आहे. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्यांपासून सावध राहा, असं गूगल सांगतं, आणि मी ती कधी देत नाही. मी 'प्रयत्न' म्हणतो. काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे पैसे नक्की, नंबर न्हाई."

हप्ता बँकेतून आपोआप जाईल, फक्त इथं सही करा, हे सांगायची वेळ तर मी नेहमी टाळत टाळत शेवटाला नेतो. कापडपेठेत एका दुकानात गादीवर मालकांचे वडील बसतात. ऐंशीच्या पुढचे, पांढरी टोपी, हिशेब अजून वहीत. धाकटे मालक जवळजवळ तयार झाले होते, पेन हातात होतं. आजोबांनी नुसतं विचारलं, "आपोआप म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला काही करावं लागत नाही. पाच तारखेला पैसे वळते होतात."

"माणूस येत न्हाई?"

"नाही आजोबा, गरजच नाही."

"पैसं आपोआप जाणार आन माणूस येणार न्हाई, त्याला आमच्यात चोरी म्हणत्यात."

पेन खाली गेलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो जास्त लागला. "दोन वर्षांनी तुमची कंपनी असंल?" कंपनी असेल हो, पण मी असेन का हे मला माहीत नव्हतं. माझ्याआधी या मुलखात जो होता तो आता सोलर विकतो, त्याच्याआधीचा प्लॉट. आजोबांच्या दुकानावरच्या पाटीत सालाच्या जागी 'स्थापना 1948' आहे. मी म्हटलं, असेल. त्यांनी चहा मागवला.

तरीही ते दुकान झालं. कसं झालं ते सांगतो, कारण आमच्या कंपनीत अजून त्याची चर्चा होते. महिन्याला मी स्वतः येऊन हिशेब सांगायचा आणि हप्ता हातात न्यायचा, ही पहिली अट. दुसरी अट धाकट्या मालकांची. त्यांनी भिंतीवर पुराच्या तीन रेघा दाखवल्या. 2005, 2019, 2021. 2019 ची सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्याही वर.

"दोन वर्षं म्हंजे दोन पावसाळे. पाणी आलं तर आम्ही माल माळ्यावर चढवायचा का तुमच्या पोस्टीला लाइक करायचं?"

म्हणून त्यांनी करारात एक ओळ घालायला लावली: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की त्या महिन्याचा हप्ता माफ. 40 ही इशारा पातळी, 45 ला धोका. सांगलीत हे शाळेतलं पोरसुद्धा झोपेत सांगेल. मी ती ओळ घालून कागद पुण्याला पाठवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "हा आयर्विन कोण आहे? क्लायंटचा पार्टनर का?"

"पूल आहे, सर."

"पुलाची सही कशाला लागते?"

लीगलवाल्या मॅडमनी वेगळीच शंका काढली: पातळी कोण मोजणार, आणि ते आपल्याला ईमेल करणार का? मी त्यांना पुलाजवळच्या मोजपट्टीचा फोटो पाठवला. त्यांनी उलट कळवलं, की आकडा मीटरमध्ये असेल तर बरं. शेवटी तिमाही संपत आली, टार्गेट अपुरं होतं, आणि कृष्णामाई करारात आली. परिशिष्ट 'ब'.

मग जुलै लागला.

आमच्या साहेबांचा सकाळचा फोन वर्षानुवर्षं एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा: आज किती मीटिंगा? परवा सलग तीन दिवस घाटमाथ्यावर पाऊस होता. सकाळी आठलाच फोन वाजला.

"कोयनेतून किती सोडलंय?"

मी आकडा सांगितला.

"आणि अलमट्टीतून?"

तोही सांगितला. पुण्यात बाणेरला बसलेला माणूस पलीकडं वहीत लिहून घेत होता, पानाचा आवाज येत होता.

"आयर्विन?"

"31 फूट, सर. चढतंय."

"अरे, मग तू ऑफिसात काय करतोयस?" साहेब ओरडले. "जा, आजच्या आज हप्ता घेऊन ये!"