मुंबई सिटीला ती शील्ड कुणी कागदावर दिली नाही, दाजी

गेल्या रविवारी दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला. २०२०-२१ ची फुटबॉलची इंडियन सुपर लीग म्हणजे हॉटेलात कोंडून खेळवलेली नावापुरती स्पर्धा. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागानचे गुण सारखेच होते, शील्ड मुंबईला कागदावर देऊन टाकली. संघ सगळा परदेशी, त्यात एक मराठी पोरगा नाही. मुंबईचं ते फुटबॉलमधलं पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद आणि तेही पैशाने घेतलेलं. आणि सगळ्यात खाली: 'पालकांनो, फुटबॉलच्या नादात पोरांची वर्षं वाया घालवू नका.'

हाच मेसेज आधी ऑफिसातून आणि सोसायटीतूनही आला होता, तेव्हा मी सोडून दिलं. पण दाजींच्या घरात माझा तेरा वर्षांचा भाचा आहे. पावसात सराव करून आला की बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते गॅलरीत वाळत ठेवतो. त्याने तो मेसेज वाचला आणि मला विचारलं, "मामा, हे खरंय?" आता गप्प बसवत नाही.

हॉटेलचं आधी उरकतो. करोनाचं वर्ष होतं. ११ संघ, ११५ सामने, सगळे गोव्यात: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१. प्रेक्षक नव्हते हे खरं, आणि त्याने रंगत गेली हेही खरं. पण रिकामं मैदान सगळ्यांनाच रिकामं होतं. एफसी गोवा सोडला तर घरचं मैदान कुणालाच नव्हतं, मुंबईलाही नाही. त्या वर्षी युरोपातल्या मोठमोठ्या लीगही रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही.

आता ती 'कागदावरची' शील्ड, म्हणजे साखळी फेरीत पहिल्या आलेल्या संघाला मिळणारी; उपांत्य आणि अंतिम सामना त्यानंतर. लीगचा गुणतक्ता कुणालाही उघडून बघता येतो, मेसेज लिहिणाऱ्याने तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत. दोन्ही संघ २० सामन्यांत १२ जिंकले, ४ बरोबरीत, ४ हरले, गुण ४०. इथवर मेसेज बरोबर आहे. पुढचं त्याने गाळलं. गुण सारखे असतील तर आपसातल्या सामन्यांत कोण जिंकलं ते बघायचं, हा नियम आधीपासून होता. मुंबईने बागानला दोन्ही वेळा हरवलं होतं, ११ जानेवारीला १-० आणि २८ फेब्रुवारीला २-०. हा दुसरा सामना म्हणजे साखळीतला शेवटचा सामना. बागानला शील्डसाठी नुसती बरोबरी पुरत होती, मुंबईला जिंकणंच भाग होतं. बांबोळीत सातव्या मिनिटाला मुर्तदा फॉलने हेडर मारला, अर्ध्या वेळेआधी ओगबेचेने दुसरा गोल केला. जी शील्ड शेवटच्या दिवशी समोरासमोर खेळून हातातून खेचून आणली, तिला कागदावरची म्हणायचं? आणि हा नियम नसता तरी मुंबईचे केलेले-खाल्लेले गोल ३५-१८ होते, बागानचे २८-१५. त्या फरकानेही मुंबईच वर राहिली असती.

माझा खरा राग तिसऱ्या मुद्द्यावर आहे, कारण तो पोरांच्या मुळावर येतो. त्या हंगामात मैदानात एका वेळी जास्तीत जास्त ५ परदेशी चालत. म्हणजे निदान ६ भारतीय हवेतच. कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग. ओडिशाला ६-१ हरवलं त्या सामन्यात हॅट्‌ट्रिक मणिपूरच्या बिपिन सिंगची. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध पेनल्टीवर निकाल लावणारी किक गोव्याच्याच रॉलिन बोर्जेसची. अंतिम सामन्यात १-१ असताना नव्वदाव्या मिनिटाला बागानचा गोलरक्षक पुढे आला, ओगबेचेने चेंडू बाजूला काढून दिला आणि बिपिनने तो रिकाम्या जाळ्यात घातला.

आणि मराठी पोरगा नव्हता? अमेय रानवडे, मुंबईचा. फातोर्ड्यावर त्याच फायनलमध्ये पहिल्या अर्धाच्या शेवटी तो चेंडूसाठी झेपावला, टक्कर झाली आणि जागेवरच कोसळला. दोन्ही संघांचे खेळाडू त्याच्याकडे धावले, रुग्णवाहिका आत आली. माझा भाचा तेव्हा बराच लहान होता. तो माझ्या शेजारी बसून बघत होता आणि अमेय शुद्धीवर आल्याची बातमी येईपर्यंत जेवला नाही. तो मुलगा पुढे बरा होऊन पुन्हा मुंबईकडून खेळला. त्याला 'नव्हताच' म्हणून पुसून टाकायचं हा कसला निर्दयपणा!

पैशाचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. मँचेस्टर सिटीच्या मालक सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच हंगामात गोव्याकडून प्रशिक्षक लोबेरा, बुमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई असे एकामागून एक मुंबईत आले. गोवेकरांना ते लागलं, आणि लागणारच. फायनलमधला बरोबरीचा गोलही बागानच्या तिरीने स्वतःच्याच जाळ्यात घातलेला होता, तेही कबूल. पण हाच महागडा संघ पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्टकडून हरला होता, आणि त्यानंतर ओळीने १२ सामने हरला नाही.

'पहिलंच विजेतेपद' तर सरळ चूक. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग मुंबईच्याच महिंद्र युनायटेडने जिंकली होती. तो क्लब २०१० मध्ये बंद झाला, म्हणून त्याचं विजेतेपद काही रद्द होत नाही.

त्या शील्डमुळेच मुंबई आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, त्या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. विजयी गोल हेडरने केला राहुल भेकेने. तोही आपल्या मुंबईचाच.

दाजी, हे मी त्याच ग्रुपवर टाकतोय. शनिवारी सकाळी सातला पोराचा सामना आहे. या वेळी त्याला घेऊन तुम्ही या, मी मैदानावर भेटतो.