टिपांचं वाक्य मागे घेते, आतली केबिन नाही

नमस्कार,

क्रूझचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हिशेबाची वही काढली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. एक, मी एका रात्रीचा जो खर्च दिला तो फसवा आहे. त्यात विमान, बंदरापर्यंतचा प्रवास आणि टिपा धरलेल्याच नाहीत. दोन, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये झोपून समुद्र पाहिला म्हणणं हा विनोद आहे. तीन, टिपा रद्द करून घेता येतात ही माझी 'युक्ती' म्हणजे राबणाऱ्याच्या ताटातलं ओढून घेणं आहे. चार, "एवढं मन मारायचं तर माणसाने घरीच बसावं की!" आणि अगदी शेवटी, जाता जाता, "शिवाय मी एकटी फिरते."

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे मी चुकले आहे.

मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर टिपेचे म्हणून माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यात पडतात. १८ धरले तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर झाले. काही जहाजांवर ही रक्कम काउंटरवर सांगून कमी करून घेता येते, हे खरं आहे. पण ते मी बचतीच्या यादीत घालायला नको होतं. केबिन आवरणारे, टेबलावर वाढणारे यांच्या कमाईचा मोठा वाटा याच पैशांतून येतो. जहाजं नोंदलेली असतात बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली, त्यामुळे कंपनीचं मुख्य कार्यालय ज्या देशात आहे तिथला किमान वेतनाचा कायदा या माणसांच्या कामी येत नाही. एकेका करारात अनेक महिने घरापासून लांब राहायचं, आणि त्यात सुट्टीचा दिवस जवळजवळ नाहीच.

तुमची प्रतिक्रिया वाचून मला माझ्याच एका सफरीची शेवटची संध्याकाळ आठवली. न घेतलेली पाण्याची बाटली बिलात लागली होती, म्हणून मी काउंटरच्या रांगेत उभी होते. पुढचं जोडपं टिपा काढून घेत होतं. कारण विचारल्यावर "सेवा समाधानकारक नव्हती" म्हणाले. तेवढ्यात आमच्या मजल्यावरचा मुलगा चादरींची गाडी ढकलत मागून गेला आणि त्याने त्या दोघांना नावानिशी "गुड इव्हिनिंग" केलं. त्यांनीही हसून हात हलवला. हे डोळ्यांनी पाहूनसुद्धा मी ते वाक्य लिहिलं, याचं मला आता नवल वाटतं. वाक्य काढलं आहे.

आता आकड्यांचं. इथे तुमचं अर्धं म्हणणं मान्य. भाड्याला रात्रींच्या संख्येने भागून "इतक्या स्वस्तात राहणं आणि जेवण" म्हणणं दिसायला छान दिसतं, पण एकूण खर्च त्यातून कळत नाही. कर आणि बंदर शुल्काच्या बाबतीत तरी हल्ली सुधारणा आहे: १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात जाहिरातीतच पूर्ण किंमत दाखवण्याचा कायदा लागू झाला आणि त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी अमेरिकेतल्या आपल्या जाहिरातींत कर-शुल्कासकट भाडं दाखवायला सुरुवात केली. टिपा मात्र अजूनही वेगळ्याच. इतर देशांच्या संकेतस्थळांवर कर धरलेत की नाही ते बारीक अक्षरात शोधावं लागतं.

बंदरांची गंमत तर मी लेखात लिहिलीच नव्हती, आणि पैसा गळतो तो तिथे. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहिलेलं असतं; जहाज लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तरेक किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळपास दोनशे किलोमीटर. व्हेनिसचं तर विचारूच नका. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या ज्यूदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' म्हणून विकलेल्या कितीतरी सफरी राव्हेन्नाहून सुटतात. ते अंतर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात आहे. तिकीट स्वस्त पाहून हरखलेला माणूस ही वाट टॅक्सीने कापतो आणि वाचवलेलं सगळं टॅक्सीवाल्याला देऊन येतो.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो बुकिंगच्या आधी करायचा. प्रत्येक थांब्याचं खरं बंदर कोणतं ते नकाशात पाहायचं. चिवितावेक्कियाहून रोमला साधी लोकल गाडी जाते, तासाभराचा प्रवास, तिकीट काही युरोंचं. तोच रस्ता जहाजाच्या बसने कित्येक पटीने महाग. पिरेअसहून अथेन्सला मेट्रो आहे. उलट काही बंदरांत जहाज थेट जुन्या गावाच्या कडेलाच लागतं आणि तिथे सहल विकत घेणं म्हणजे चालत जाण्याचे पैसे देणं. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर आणखी एक कर बसवला आहे. सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात उतरणाऱ्या माणशी २० युरो. तोही धरा.

तुम्ही एकट्या फिरता हे आधी कळलं असतं तर मी लेख वेगळाच लिहिला असता. क्रूझचं भाडं 'माणशी' छापलेलं असतं, पण ते एका केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. एकटीला बऱ्याचदा दुसऱ्या, न आलेल्या माणसाचं भाडंही भरावं लागतं, म्हणजे जवळपास दुप्पट. माझे सगळे आकडे दोघांचे होते आणि मी ते कुठेही स्पष्ट केलं नव्हतं. २०१० साली नॉर्वेजियन एपिक या जहाजावर एकट्यांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन आल्या, मग इतरांनीही तसं सुरू केलं. पण त्या संख्येने थोड्या असतात आणि लवकर संपतात. नुसत्या 'एकट्यांसाठी' या पाटीवर भाळू नका. कधीकधी साध्या आतल्या केबिनचं दुप्पट भाडंही स्टुडिओपेक्षा कमी निघतं. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

आतल्या केबिनबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुम्ही तिला 'कोठडी' म्हटलंय. दिवा बंद केला की तिथे अंधार होतो तो खरा अंधार. सकाळी सात आणि पहाटे तीन यांत फरक कळत नाही. पहिल्या रात्री मी घाबरून बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं केलं होतं. दुसऱ्या रात्री युक्ती सापडली. बहुतेक जहाजांच्या टीव्हीवर एक वाहिनी जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याची असते. आवाज बंद करून ती रात्रभर लावून ठेवली. रात्री पडदा काळा. मग कधीतरी निळसर, राखाडी, आणि उजाडताना पायथ्याच्या भिंतीवर आख्खं क्षितिज. खिडकी म्हणून वाईट नाही.

आणि ज्यांना समुद्र लागतो त्यांनी हे ऐकाच. जहाज सर्वात कमी हलतं ते खालच्या मजल्यांवर, मध्यभागी. स्वस्त केबिन पुष्कळदा तिथेच असतात. सर्वात वरच्या, टोकाच्या महागड्या बाल्कनीत बसलेला माणूस वादळी रात्री जे भोगतो त्याचे त्याने जास्त पैसे दिलेले असतात!

'गॅरंटी' केबिनबद्दल लेखात मी जरा जास्तच उत्साहाने लिहिलं होतं, तेवढं दुरुस्त करते. त्यात केबिनचा प्रकार तुम्ही निवडता, पण नेमकी कोणत्या क्रमांकाची केबिन ते कंपनी ठरवते. भाडं कमी पडतं. आम्हाला एकदा नाचघराच्या बरोबर खाली केबिन मिळाली आणि रात्री एकपर्यंत छतातून ठेका ऐकू आला. झोप सावध असेल तर थोडे जास्त देऊन क्रमांक स्वतः निवडा, आणि वर-खाली दोन्हीकडे नुसत्या केबिनच आहेत ना, ते डेकच्या नकाशात तपासा.

आता "मन मारणं". माझ्या पहिल्या क्रूझचं शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेलं बिल मी अजून जपून ठेवलंय. तीन पानी आहे. कॉफी, सोडा, कॉफी, फोटो, इंटरनेट, सोडा, एक फोटो आणखी, आणि मध्येच चाळीस मिनिटांच्या मालिशचे पैसे. आठवणीत यातलं काय राहिलं म्हणून मी एकदा रेघा मारत बसले होते. मालिशला खूण केली. फोटो कुठल्या खणात आहेत ते आजही सांगता येत नाही. जहाजावर रोख पैसे लागत नाहीत, केबिनचं कार्डच चालतं. खर्चाची जाणीव बोथट होते ती तिथेच.

पेयांच्या पॅकेजचं, म्हणजे रोज ठरावीक रक्कम भरून मद्यासकट हवी ती पेयं घेण्याचं, गणित एकदाच करून दाखवते. समजा पॅकेज रोज ७० डॉलर, वर १८ टक्के सेवा शुल्क. झाले ८२ डॉलर ६० सेंट. सुटा पेला समजा १२ डॉलरचा, शुल्कासह १४ डॉलर १६ सेंट. म्हणजे पैसे वसूल व्हायला रोज सहा पेले प्यायला हवेत, ज्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तुम्ही किनाऱ्यावर असता त्या दिवशीसुद्धा. शिवाय बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने घेतलं की दुसऱ्या प्रौढालाही घ्यावंच लागतं. दोघांचे सात दिवसांचे ११५६ डॉलर होतात. रोज सहा पेले पिणाऱ्यांनी खुशाल घ्यावं. मी घेतलं नाही आणि मन मारल्यासारखंही वाटलं नाही, कारण पाणी, चहा, साधी कॉफी भाड्यातच असते. मोबाइल तेवढा पहिल्या मिनिटापासून विमान मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी गेल्यावर भेटतं.

खरी मोठी बचत यापैकी कशातच नाही. ती तारखेत आहे. उन्हाळा संपला की भूमध्य समुद्रातली जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये परत येतात. ही जागाबदलाची सफर दोनेक आठवड्यांची, त्यात सलग सहा-सात दिवस नुसता समुद्र, म्हणून मागणी कमी आणि रात्रीमागे भाडंही कमी. शरद ऋतूतली सफर घ्या. पश्चिमेकडे जाताना घड्याळ अनेक रात्री एकेक तास मागे जातं आणि झोप जास्त मिळते. वसंतात उलट दिशेने तेच तास जातात. एकेरी विमानाचं तिकीट मात्र आधी पाहा, कधी तेच सगळी बचत खातं. कॅरिबियन सप्टेंबरात स्वस्त असतं, त्यामागे कारण आहे. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सप्टेंबर त्याचा कळस. जहाज वादळाला वळसा घालतं, तुमचं आवडतं बेट गळतं, आणि करारानुसार परत मिळतं ते बहुधा त्या बंदराचं शुल्क तेवढं.

बुकिंग झाल्यावरही भाड्यावर लक्ष ठेवा. अंतिम रक्कम भरायची तारीख साधारण अडीच-तीन महिने आधीची असते. तोवर भाडं उतरलं तर अनेक ठिकाणी फरक मागता येतो. नियम देश आणि भाड्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, म्हणून विचारूनच बुकिंग करा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

"सगळीकडेच हात आखडता" हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण दोन ठिकाणी मी आखडत नाही. एक, जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचते आणि हॉटेलची एक रात्र भरते. जहाज उशिरा आलेल्या विमानासाठी थांबत नाही. दोन, वैद्यकीय मदत आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च धरणारा विमा. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो आणि हेलिकॉप्टरचं बिल हजारो डॉलरचं असतं.

किनाऱ्यावर स्वतःची सहल स्वतः ठरवा, हे माझं म्हणणं कायम आहे, पण परतीला दोन तास हातात ठेवा असं आता त्यात जोडलं आहे. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी वेळेत परतले नाहीत. जहाज निघून गेलं. त्यांना अनेक देश पालथे घालत सेनेगलमध्ये ते पुन्हा गाठावं लागलं. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला असता तर जहाज थांबलं असतं. म्हणून धक्क्यापासून लांब जायचं असेल, किंवा त्या दिवसाची ती शेवटचीच गाडी असेल, तिथे मी कंपनीचीच महागडी सहल घेते.

बाल्कनी कधीच घेऊ नये का, असं तुम्ही उपरोधाने विचारलंय. उत्तर सरळच देते. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, घेईन, कारण तिथे तासन्‌तास दोन्ही बाजूंना कडे असतात आणि चहाचा कप घेऊन बाहेर बसण्यात अर्थ आहे. अलास्काच्या ग्लेशियर बेमध्ये घेणार नाही. हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं, कप्तान ते सावकाश फिरवून दोन्ही बाजूंना दाखवतो, पण तुमच्या बाल्कनीच्या वाट्याला ती आळीपाळीने येते. वरचा उघडा डेक सगळ्यांचा असतो. कानटोपी न्या.